कासवाच्या पेटीतले ऊन

जळगाव-धुळ्याकडे उन्हाचा तुटवडा आहे असे कुणी म्हटले, तर तुम्ही हसाल. पण याच खानदेशात, खिडकीपाशी काचेच्या पेटीत ठेवलेले कासव भर उजेडात बसूनही उन्हावाचून आजारी पडू शकते. त्याचे कवच मऊ पडते, पाय वाकडे होतात. असे का व्हावे?

ऊन ही एकच वस्तू नव्हे. त्यात ऊब देणारे अवरक्त किरण असतात, डोळ्यांना दिसणारा प्रकाश असतो आणि न दिसणारे अतिनील किरणही असतात. वर्णपटात जांभळ्या रंगापलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे ठेवलेले सिल्व्हर क्लोराइड काळे पडते, हे जर्मन शास्त्रज्ञ रिटर याने १८०१ साली दाखवले. त्या ‘काहीच नाही’मध्ये हे किरण होते.

अतिनील किरणांचे तीन गट पाडतात. ‘अ’ गटाची तरंगलांबी ३१५ ते ४०० नॅनोमीटर, ‘ब’ची २८० ते ३१५ आणि ‘क’ची १०० ते २८०. ‘क’ किरण वातावरण पूर्णपणे अडवते. ‘ब’पैकी बरेचसे ओझोन शोषून घेतो, जे थोडे खाली पोचतात, त्यांच्यावर आपल्या कासवाची हाडे अवलंबून असतात. हे किरण त्वचेतील कोलेस्टेरॉलसारख्या एका पदार्थावर पडले, की शरीराच्या उबेत त्याचे जीवनसत्त्व ‘ड३’ बनते. ते नसेल, तर अन्नातले कॅल्शियम आतड्यातून नीट शोषले जात नाही. मग शरीर हाडांतलेच कॅल्शियम काढून घेऊ लागते.

आता खिडकीचे कोडे सुटेल. साधी काच प्रकाश आत सोडते, ‘अ’ किरणही बरेच सोडते. ‘ब’ किरण मात्र जवळजवळ सगळे अडवते. म्हणजे पेटीत उजेड आला, उष्णता साठली, पण हवे ते आलेच नाही. उलट वैशाखात अशी बंद पेटी उन्हात ठेवली, तर तिची भट्टी होईल.

मग दिवा लावावा का? लावता येईल, पण कोणता, हे नीट पाहिले पाहिजे. तारेचा साधा बल्ब ऊब देतो, ‘ब’ किरण देत नाही. पांढरा एलईडी केवळ उजेड देतो. मिठाईच्या दुकानात माश्या पकडण्यासाठी लावलेली निळसर नळी किंवा नोटा तपासण्याचा दिवा ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचे ‘अ’ किरण देतो. ड३ साठी त्याचा उपयोग नाही. पाण्यातले जंतू मारणारा दिवा तर २५४ नॅनोमीटरचे ‘क’ किरण देतो. तो कासवाचे डोळे आणि त्वचा भाजून काढील, तुमचेही. तेव्हा ‘यूव्ही दिवा द्या’ एवढे सांगून भागत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी बनवलेला, वेष्टनावर ‘यूव्हीबी’ असे स्पष्ट छापलेला दिवाच घ्यावा.

तो टांगायचा कुठे, हे भौतिकशास्त्र सांगते. लहान बल्बपासूनचे अंतर दुप्पट केले, की तीव्रता चौथाई होते. लांब नळीच्या जवळ हीच घट निम्म्याच्या आसपास असते. म्हणून वेष्टनावर दिलेले अंतर पाळावे. दिवा आणि प्राणी यांच्यामध्ये काच नसावी, आणि पेटीत सावलीचा कोपरा असावाच. आणखी एक गोष्ट: दिवा उजेड देत राहतो, पण त्याचे ‘ब’ किरण हळूहळू कमी होतात. त्यामुळे उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, साधारण सहा ते बारा महिन्यांत, तो बदलावा लागतो.

दिव्यांचे हे सल्ले मुळात थंड देशांतले. २२ डिसेंबरच्या दुपारी लंडनला सूर्य क्षितिजापासून अवघा १५ अंश वर असतो. किरणांना हवेतून तिरपे, उभ्या मार्गाच्या जवळजवळ चौपट अंतर कापावे लागते आणि ‘ब’ किरण वाटेतच संपतात. त्याच दुपारी जळगावला सूर्य सुमारे ४५ अंशांवर असतो आणि हा मार्ग केवळ १.४ पट भरतो. मे महिन्याच्या २५ तारखेच्या आसपास तर तो थेट डोक्यावर येतो. तेव्हा आपल्याकडे सर्वांत चांगला दिवा फुकट मिळतो.

तो वापरायचा कसा? शाळेच्या मैदानात एक मीटरची काठी उभी करा आणि तासातासाला सावली मोजा. सावली काठीपेक्षा लांब असेल, तर ‘ब’ किरण कमी आहेत असे समजा. आखूड असेल, तर पुरेसे आहेत. डिसेंबरात ती दुपारी जेमतेम काठीएवढी होते, मे महिन्यात सकाळी सव्वानऊलाच होते. अशा वेळी कासवाला उघड्या, पसरट टपात थोडा वेळ बाहेर ठेवावे. टपात पाणी हवे, अर्ध्या भागावर सावली हवी आणि मांजर-कावळ्यांवर कुणाची तरी नजर हवी. उन्हाळ्यात ऊन तापू लागताच कासवाला आत घ्यावे.

हे सारे ज्यांच्या घरी बाजारातून आणलेले लाल कानाचे अमेरिकन कासव आधीच आहे, त्यांच्यासाठी. चांदणीच्या नक्षीचे कासव, तळ्यातले मऊ पाठीचे कासव, घोरपड हे आपले प्राणी घरी ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आणि पाळलेल्या परदेशी कासवाचा कंटाळा आला म्हणून ते गिरणेत किंवा पांझरेत सोडू नका. ते तिथल्या कासवांच्या अन्नावर आणि जागेवर हक्क सांगते. कासव कित्येक वर्षे जगते. तेवढी वर्षे त्याला ऊन पुरवता येणार नसेल, तर ते आणूच नये.