सिकलसेलचे दुखणे आणि गोळीची सवय

“पोरगं दर आठ-पंधरा दिवसांनी दुखण्याची गोळी मागते. सवय तर लागली नसेल?” उत्तर नागपुरातल्या, भंडारा-गोंदियातल्या किंवा चंद्रपूरच्या वस्तीत सिकलसेलच्या रुग्णाच्या घरी थोडा वेळ बसले की हा प्रश्न कानावर येतोच. आई विचारते, आजी विचारते, शेजारीण तर सरळ सांगूनच टाकते. रुग्ण स्वतः मात्र गप्प असतो. त्याच्याही मनात तीच भीती असते. ती बोलून दाखवली तर घरचे गोळीच बंद करतील, ही त्याची दुसरी भीती.

दोन्ही भीती खऱ्या आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल मोकळेपणाने बोलायला हवे. विदर्भात सिकलसेल आदिवासी समाजात आणि आपल्या बौद्ध समाजात मोठ्या प्रमाणावर आढळतो. हे आपल्याच घरातले दुखणे आहे.

हे दुखणे येते कुठून?

निरोगी माणसाच्या रक्तातल्या लाल पेशी गोल आणि लवचीक असतात. त्या सुमारे १२० दिवस जगतात. सिकलसेलमध्ये त्याच पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात आणि दहा-वीस दिवसांतच मोडतात. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की पुढच्या भागाला रक्त आणि प्राणवायू मिळत नाही. मग हात, पाय, पाठ, छाती, पोट यांपैकी कुठेही भयंकर कळा सुरू होतात. यालाच आपण ‘झटका’ म्हणतो. काही रुग्णांत पुढे खुब्याचे हाड झिजते आणि दुखणे रोजचेच होते.

बाहेरून पाहणाऱ्याला ना जखम दिसते, ना सूज. त्यामुळे “नाटक करतो”, “कामाचा कंटाळा आहे” असे बोल रुग्णाच्या वाट्याला येतात. बाळंतपणाच्या कळा सोसलेल्या काही रुग्ण स्त्रिया झटक्याच्या कळा त्याहून कठीण असल्याचे सांगतात. हे ज्याला पटले, तो गोळी मागणाऱ्या मुलावर लगेच संशय घेणार नाही.

एक गोष्ट लक्षात असू द्या. सिकल ‘वाहक’ आणि सिकल ‘पीडित’ वेगळे. वाहकाला सहसा असे झटके येत नाहीत. वाहकाचे अंग सतत दुखत असेल तर त्याचे कारण वेगळे असू शकते, ते डॉक्टरांकडून शोधून घ्यावे.

सगळ्या गोळ्या सारख्या नसतात

आपण सगळ्यांनाच ‘पेनकिलर’ म्हणतो. पण त्यांत तीन वेगवेगळ्या जाती आहेत.

पहिली पॅरासिटामॉल. हिची सवय लागत नाही. मात्र धडधाकट मोठ्या माणसानेही दिवसात ४ ग्रॅमच्या वर, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्यांच्या वर घेऊ नये, यकृताला धोका होतो. वजन कमी असेल, कावीळ असेल किंवा दारूची सवय असेल तर मर्यादा आणखी खाली येते.

दुसरी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी. यांचीही सवय लागत नाही, पण त्या पोटात व्रण करतात आणि मूत्रपिंडाला त्रास देतात. सिकलसेलमध्ये मूत्रपिंड आधीच नाजूक झालेले असते. म्हणून ‘साधी गोळी आहे’ म्हणून या मनाने महिनोन् महिने घेऊ नयेत.

तिसरी अफूच्या वर्गातली औषधे : ट्रॅमाडॉल, टॅपेन्टाडॉल, कोडीन, पेंटाझोसिनचे इंजेक्शन, मॉर्फिन. मेंदूकडे जाणारा वेदनेचा निरोप ही औषधे मंद करतात. सवयीचा प्रश्न आहे तो यांच्याबाबत. बाजारात ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळ्याही मिळतात. नाव वेगळे असल्यामुळे आत ट्रॅमाडॉल आहे हे घरच्यांना कळतच नाही, आणि वरून आणखी पॅरासिटामॉल दिली जाते. पट्टीच्या मागे औषधांची नावे छापलेली असतात. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या.

लहान मुलांबाबत विशेष सांगायचे आहे. १२ वर्षांखालील मुलांना ट्रॅमाडॉल आणि कोडीन देऊ नये, असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली दिला. काही मुलांच्या शरीरात या औषधाचे रूपांतर फार वेगाने होते आणि श्वास मंदावतो. मोठ्याच्या पट्टीतली अर्धी गोळी मोडून मुलाला देणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

शरीराची सवय वेगळी, व्यसन वेगळे

घराघरांत गोंधळ होतो तो इथे. तीन गोष्टी वेगळ्या करून समजून घेऊ.

एक, मात्रा पुरेनाशी होणे. पूर्वी एका गोळीने थांबणारी कळ काही महिन्यांनी एका गोळीने थांबत नाही. शरीर औषधाला सरावते.

दोन, शरीराला सवय होणे. अफूच्या वर्गातले औषध काही आठवडे रोज घेतले की जवळपास कोणाच्याही शरीराला त्याची सवय होते. मग ते एकदम बंद केले की जांभया येतात, नाका-डोळ्यांतून पाणी गळते, अंगावर काटा येतो, घाम सुटतो, जुलाब होतात, झोप उडते, जीव कासावीस होतो. ट्रॅमाडॉलसारख्या औषधात हा त्रास साधारण एका दिवसात सुरू होतो, दोन-तीन दिवस जोरात असतो आणि आठवडाभरात उतरू लागतो. यात अंगही दुखते, त्यामुळे रुग्णाला वाटते झटका आला. घरचे म्हणतात, “बघा, गोळी नाही मिळाली तर तडफडतो, व्यसनीच झाला.” वास्तविक हा शरीराचा धर्म आहे. त्यात रुग्णाचा काही दोष नाही.

तीन, व्यसन. दुखणे नसतानाही गोळी घ्यावीशी वाटणे, डोके हलके करण्यासाठी किंवा झोप यावी म्हणून घेणे, सांगितल्यापेक्षा जास्त घेणे, दोन-तीन डॉक्टरांकडून एकाच वेळी चिठ्ठ्या आणणे, लपवणे, खोटे बोलणे, गोळीसाठी उधारी करणे, शाळा-काम-घर सुटत जाणे आणि हे सगळे कळत असूनही थांबता न येणे. ही लक्षणे दिसली तर तो दुसरा आजार जडला असे समजावे. त्यालाही उपचार आहेत. शिव्या आणि मार हे उपचार नव्हेत.

आणखी एक बाब. ज्याचे दुखणे पुरेसे थांबत नाही, तोही वारंवार गोळी मागतो, घड्याळाकडे बघत बसतो, चिडतो. वरवर तो व्यसनी वाटतो, पण योग्य मात्रा मिळून दुखणे थांबले की तो शांत होतो. म्हणून घाईने शिक्का मारू नका.

घाबरून अंगावर दुखणे काढू नका

सवय लागेल म्हणून मोठ्या झटक्यात औषधच न देणे, हीसुद्धा चूक आहे. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजी या रक्तविकार तज्ज्ञांच्या संस्थेने २०२० साली सिकलसेलच्या दुखण्यावर मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात दोन गोष्टी आहेत. तीव्र झटका घेऊन रुग्ण दवाखान्यात आला तर पहिल्या तासाभरात त्याला वेदनाशामक मिळावे, गरज असेल तर अफूच्या वर्गातलेही. पण रोजच्या जुनाट दुखण्यासाठी ही औषधे कायमची सुरू करण्याआधी दुसरे सर्व उपाय करून पाहावेत.

थोडक्यात, झटक्यातल्या तीन-चार दिवसांसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे औषध घेतल्याने माणूस व्यसनी होण्याची शक्यता कमी असते. धोका वाढतो तो घरी, मनाने, रोज आणि महिनोन् महिने घेतल्याने.

आपल्यातल्या काही उपासक-उपासिकांना आणखी एक प्रश्न छळतो. रोज पंचशील म्हणतो आणि नशेच्या वर्गातली गोळी घेतो, मग पाचवे शील मोडले का? धम्मात औषधाला भिक्खूच्या चार गरजांमध्ये स्थान आहे : चीवर, भोजन, निवारा आणि आजारपणातले भेसज्ज. आजारावर नेमलेल्या मात्रेत घेतलेले औषध आणि नशेसाठी घेतलेला पदार्थ यांत हेतूचा फरक आहे. हेतू बदलू लागला, असे स्वतःला जाणवले, की तेव्हा सावध व्हावे. शिलाच्या भीतीने कळा सोसत बसण्याची गरज नाही.

आज घरी काय कराल?

गोळी रोज सुरू असेल तर ती एकदम बंद करू नका. घरच्यांनी रागाने पट्टी फेकून देऊ नये. अचानक बंद करण्याचे धोके इतके आहेत की अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली त्याबद्दल खास इशारा दिला. डॉक्टर मात्रा थोडी थोडी उतरवतात. वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ घेणाऱ्याची मात्रा महिन्याला साधारण दहा टक्के, इतक्या हळू उतरवली तरी चालते. घाई नाही.

एक वही करा. तारीख, दुखण्याची जागा, शून्य ते दहामध्ये किती दुखले, कोणती गोळी, किती वाजता, किती. दवाखान्यात ही वही पुढे ठेवली की डॉक्टरांनाही संशय राहत नाही आणि तुमची बाजू तुम्हाला मांडता येते. “सिकलचा आहे, गोळ्यांसाठी आला” असा अनुभव कुठे आला असेल, तर ही वही आणि सिकलसेलचे कार्ड सोबत न्याच.

एकच डॉक्टर, एकच चिठ्ठी, शक्यतो एकच मेडिकल दुकान. गोळ्यांची पट्टी घरातल्या एका जबाबदार माणसाकडे असावी, लहान मुलांच्या हाताबाहेर.

दारू, झोपेची गोळी आणि ट्रॅमाडॉल एकत्र कधीही नको. श्वास मंदावून माणूस झोपेतच जाऊ शकतो. सिकलसेलमध्ये श्वास उथळ झाला की प्राणवायू कमी पडतो आणि पेशी आणखी वाकड्या होतात. ट्रॅमाडॉलने फिटही येऊ शकते. आकडीचा आजार असेल किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. गरोदर बाईने हे औषध रोज घेतले तर जन्मलेल्या बाळालाही ते तुटल्याचा त्रास होतो, म्हणून दिवस राहताच दवाखान्यात कळवा.

आणि चिठ्ठीशिवाय गोळी मागू नका. ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ पासून १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली आले आहे. चिठ्ठीशिवाय ते विकणे गुन्हा आहे. चिठ्ठी असेल तर घाबरण्याचे कारण नाही, ती जपून ठेवा.

झटकाच कमी झाला तर गोळीही कमी

गोळीची चिंता मिटवण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे झटके कमी करणे. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध त्यासाठीच आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात या औषधाने मोठ्या रुग्णांचे झटके जवळपास निम्म्यावर आले. हे वेदनाशामक नाही, याची सवय लागत नाही, आणि गुण यायला काही महिने लागतात. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून सोडू नका. मध्ये मध्ये रक्ताची तपासणी करावी लागते, आणि मूल हवे असेल तर नवरा-बायको दोघांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. नागपुरात मेडिकल किंवा मेयोत, जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी दवाखान्यात याबद्दल विचारा.

बाकी काळजी घरची आहे. भरपूर पाणी, उन्हाळ्यात तर जास्तच. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत अंगभर उबदार कपडे. ताप अंगावर काढायचा नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर जाताना सिकलसेलच्या मुलाजवळ पाण्याची बाटली आणि कार्ड असू द्या, उन्हात तासन् तास रांगेत उभे करू नका. झटका सुरू होताना कोमट शेक आणि विश्रांती. बर्फ लावू नये.

छातीत दुखून धाप लागणे, १०१ च्या वर ताप, तोंड वाकडे होणे किंवा एक बाजू लुळी पडणे, लहान मुलाचे पोट अचानक फुगून ते पांढरे पडणे : यातले काहीही दिसले तर घरी गोळी देत बसू नका, १०८ वर फोन करा. गोळ्या घेतलेला माणूस हलवूनही जागा होत नसेल, श्वास फार हळू चालत असेल, तरीही १०८.

व्यसनाची शंका असेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. मन खचले असेल तर १४४१६ वर टेलिमानसशी बोला. नाव सांगण्याची लाज वाटत असेल तर आधी फक्त प्रश्न विचारा.

वर्षावासात विहारात आपण रोज जमतो. यंदा एक संध्याकाळ सिकलसेलसाठी ठेवा. ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांनी आपल्या वह्या आणाव्यात, ज्या तरुणांची रक्ततपासणी झालेली नाही त्यांची यादी करावी आणि आशाताईंच्या मदतीने तपासणीचा दिवस ठरवावा. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल पीडित होण्याची शक्यता चारात एक असते, हे लग्नाआधी माहीत असलेले बरे. आणि त्या संध्याकाळी रुग्णाला पहिल्यांदा बोलू द्या. किती दुखते आणि किती गोळ्या लागतात, हे त्याने न घाबरता सांगितले, तर उपचार तिथूनच सुरू होतो.