पोर्तुगालमधील जव्हार परिसराचा इतिहास

पोर्तुगाल हा पश्चिम युरोपातील तुलनेने कमी खर्चात पाहता येणारा देश आहे. जव्हार-मोखाड्याच्या इतिहासाचे काही धागे तेथे सापडतात.

या डोंगराळ मुलखाच्या पश्चिमेस, वसईच्या किनारपट्टीवर, १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीज सत्ता होती. जव्हारचे मुकणे हे कोळी राजघराणे तिचे शेजारी होते. उत्तरेकडील रामनगरचा राजा दमणच्या पोर्तुगीज गावांकडून चौथ घेत असे. १६७२ मध्ये मराठ्यांनी जव्हार व रामनगर जिंकले; त्यानंतर शिवाजी महाराजांनी हाच हक्क पोर्तुगिजांकडे मागितला.

लिस्बन येथील तोर्रे दो तोंबू हे राष्ट्रीय अभिलेखागार अभ्यासकांसाठी महत्त्वाचे आहे. ते मूळचे किल्ल्याच्या बुरुजात होते. १७५५ च्या भूकंपात बुरूज कोसळला, कागद मात्र वाचले. पावसाळी वाऱ्यांवर ये-जा करणाऱ्या जहाजांतून चाललेल्या गोवा-लिस्बन पत्रव्यवहाराचे ६२ खंड १७७७ मध्ये गोव्याहून लिस्बनला नेण्यात आले. उरलेले पणजीत आहेत, त्यामुळे आधी तेथे जाणे सोयीचे. हे लेखन परक्या सत्तेचे असल्याने त्यातील कोळी राजांची वर्णने मराठी कागदपत्रांशी ताडून पाहावी लागतात.