परवाना खिशात, पण नजर किती?



गळीत हंगाम तोंडावर आला की शेतकी विभागात तोडणी-वाहतुकीचे करार सुरू होतात. ट्रॅक्टर कोणाचा, ट्रॉल्या किती, टायर धड आहेत की घासलेले, ट्रॉलीच्या मागे चमकणारी पट्टी आहे की नाही, हे सारे आम्ही बघतो. चालकाचा परवानाही बघतो. परंतु त्या चालकाला पुढचे किती दिसते, हे काही परवान्यावर लिहिलेले नसते. म्हणून या अंकात खतांच्या मात्रा बाजूला ठेवून डोळ्यांविषयी लिहिण्याचे योजिले आहे.

परवान्याच्या अर्जासोबत नमुना १ नावाचा कागद असतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तो दिलेला आहे. आपल्यातल्या बहुतेकांनी त्यावर सही केली असेल, वाचला मात्र थोड्यांनीच. त्यात विचारले आहे की, चांगल्या उजेडात, लागत असल्यास चष्मा लावून, २५ मीटरवरील मोटारीची नंबरपाटी वाचता येते काय? रातांधळेपणा आहे काय? २५ मीटर म्हणजे ८२ फूट. चार फुटी सरी असेल तर वीस सऱ्या मोजा, जवळजवळ तेवढेच अंतर भरते. विलायतेत हेच अंतर २० मीटर धरतात. तेव्हा आपला नियम काही ढिला नाही.

ढिलाई आहे ती दुसरीकडे. ही कसोटी "चांगल्या उजेडात" घ्यायची आहे आणि आपला ऊस निम्म्याहून अधिक रात्रीचा चालतो. मोतीबिंदूची सुरुवात झालेला माणूस दिवसा पाटी बिनचूक वाचेल, पण रात्री समोरून दिवा आला की त्याच्या डोळ्यांपुढे नुसता पांढरा पडदा. काचबिंदूचे तर त्याहून वाईट. त्यात समोरची नजर शेवटपर्यंत शाबूत राहते आणि बाजूची हळूहळू जाते. पाटी दिसते, डाव्या अंगाने येणारी बैलगाडी दिसत नाही. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली तेवढी औषधाने टिकते. साखरेच्या आजाराने, म्हणजे मधुमेहाने, पडदा खराब होतो तोही असाच गुपचूप. आपण साखर कारखान्याचे सभासद, पण या साखरेकडे आपले लक्ष कमी, हे म्हटल्यावाचून राहवत नाही.

खाजगी वाहनाच्या चालकाला चाळिशीपर्यंत स्वतःची सही पुरते. पुढे, आणि भाड्याच्या वाहनाला कोणत्याही वयात, डॉक्टरचा दाखला, म्हणजे नमुना १-अ लागतो. पूर्वी खाजगी परवाना पन्नाशीनंतर दर पाच वर्षांनी नवा करावा लागे. २०१९ च्या दुरुस्तीने तिशी ते पन्नाशीच्या आतल्या माणसाला एकदम दहा वर्षांचा परवाना मिळतो. म्हणजे एकोणपन्नासाव्या वर्षी ज्याने परवाना नवा करून घेतला, त्याला एकोणसाठापर्यंत कोणी विचारणार नाही. मोतीबिंदू, काचबिंदू आणि मधुमेह या तिघांची गाठ पडण्याची वर्षे नेमकी हीच! हेलपाटे वाचले हे खरे. तपासणी मात्र आता आपली आपणच करायची आहे.

एक बदल चांगला झाला. लाल-हिरवा रंग ओळखण्यात थोडी गडबड होणाऱ्यांना पूर्वी परवाना नाकारला जाई. जून २०२० पासून सौम्य व मध्यम रंगांधळेपणा असणाऱ्यांनाही परवाना मिळू शकतो. गावात असे कोणी जुन्या नकारावर बसून असतील तर त्यांनी पुण्यात संगम पुलाजवळच्या परिवहन कार्यालयात पुन्हा अर्ज करावा.

आता उपचाराचे. १९७६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. १९९४ नंतर जागतिक बँकेच्या मदतीने मोतीबिंदूच्या कामाला जोर आला, त्या सात राज्यांत आपला महाराष्ट्र होता. जुन्या लोकांना शिबिरातले ऑपरेशन म्हणजे हिरवी पट्टी आणि मग सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा, एवढेच आठवते. त्या भीतीने अजून काही म्हातारी माणसे "पिकू द्या अजून" म्हणत बसतात. तो काळ गेला. आता डोळ्यातच भिंग बसवतात आणि मोतीबिंदू पिकायची वाट बघावी लागत नाही. सरकारी रुग्णालयात, पुण्यात ससूनला, हे होते. हडपसरच्या पुढे महंमदवाडीत पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचे एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे, तेथेही गरजूंची सोय होते. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये बेण्यासाठी जाणाऱ्या सभासदांना ते वाटेवरच पडते. बेणे आणायला माणूस तीनदा जातो, डोळे दाखवायला एकदा जायला काय हरकत आहे?

उसाच्या पानाविषयी तर शेतकी विभागाने न बोलून चालणारच नाही. पाचट काढताना, तोडणीच्या वेळी पाते डोळ्याला चाटून जाते. ओरखडा बारीक असतो, पण त्यातून बुरशी शिरते आणि चार-आठ दिवसांत बुबुळावर पांढरे फूल पडते. अशा वेळी दूध, मध, तूप डोळ्यात घालू नये. दुकानातून "लाली उतरायचे" थेंब तर मुळीच आणू नयेत. त्यात बहुधा स्टिरॉइड असते, लाली उतरते आणि आत बुरशी फोफावते. त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठावा. तोडणी मजुरांनाही हे मुकादमांनी समजावून सांगावे. त्यांचा डोळा गेला तर कोयता कोणी धरायचा आणि उचल कोणी फेडायची?

उपचार करूनही ज्यांची नजर अधू राहते, त्यांचे काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्यांना "अल्पदृष्टी" म्हणून वेगळी जागा आहे. चांगल्या डोळ्याची नजर चष्म्यासह ६/१८ हून कमी पण ३/६० पर्यंत असेल, म्हणजे धडधाकट माणूस जे १८ मीटरवरून वाचतो ते ६ मीटरवरूनही वाचता येत नसेल, तर तो माणूस यात बसतो. बाजूची नजर ४० अंशांच्या आत आलेलाही बसतो. म्हणजे काचबिंदूचा जो रोगी नंबरपाटीच्या कसोटीतून सुटतो, तो या कायद्याला दिसतो! दोन कायदे एकाच डोळ्याकडे असे वेगवेगळे बघतात.

दाखल्याचा अर्ज गावच्या सेवा केंद्रातून संगणकावर भरता येतो, तपासणी ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात होते. ४० टक्क्यांच्या वर दाखला असेल तर एस.टी.त मोठी सवलत मिळते. एकच डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर मात्र ३० टक्केच धरतात, त्याला ती सवलत नाही. अशा माणसाला परवान्याच्या नियमात थोडी वाट आहे. पाच वर्षे परवाना बाळगल्यावर डोळा गेला असेल तर चालकाच्या बाजूला बाहेर आरसा असलेले हलके खाजगी वाहन तो चालवू शकतो. भाड्याची वाहतूक नाही. पंचाहत्तरी उलटलेल्यांना तर २०२२ पासून एस.टी. मोफत आहे, बायकांना २०२३ पासून अर्धे तिकीट. तेव्हा बँकेत जायला म्हाताऱ्याने संध्याकाळच्या अंधुक उजेडात फटफटी काढलीच पाहिजे असे नाही.

अमेरिकेत काही राज्यांत अधू नजरेच्या माणसांना चष्म्याच्या वरच्या अंगाला छोटी दुर्बीण बसवून, शिकवून, परवाना देतात. पुष्कळदा फक्त दिवसापुरता. आपल्या नियमात चष्मा आहे, दुर्बीण नाही. दिवसापुरता परवाना ही कल्पना मात्र आम्हास पटते. आमच्या शिवारातले कितीतरी लोक उजेडात उत्तम ट्रॅक्टर हाकतील.

यंदा कराराच्या दिवशी केन यार्डात, वजनकाट्याच्या अलीकडे, एक नंबरपाटी लावून २५ मीटरवर चुन्याची रेघ मारली जाईल. प्रत्येक चालकाने एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून ती वाचून दाखवावी. ज्याला जमणार नाही त्याचे नाव वहीत लिहिले जाणार नाही, मालकाचा करारही मोडणार नाही. डोळे तपासून येईपर्यंत मालकाने दुसरा चालक द्यावा. चष्मा असणाऱ्यांनी तो घरी विसरू नये.