युक्रेनला मिळणारे आंतरराष्ट्रीय साहाय्य आणि युद्धाची मानवी किंमत

प्रस्तावना

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी पहाटे रशियाच्या सैन्याने युक्रेनवर उत्तर, पूर्व आणि दक्षिण अशा तिन्ही बाजूंनी आक्रमण केले. वस्तुतः या संघर्षाचा आरंभ २०१४ मध्येच झाला होता. त्या वर्षी रशियाने क्रिमिया आपल्या राज्यास जोडून घेतला व पूर्वेकडील दोनबास प्रदेशातील सशस्त्र फुटीरतावाद्यांना पाठबळ दिले. त्यानंतरच्या आठ वर्षांत तेथे सुमारे १४ हजार माणसे मृत्युमुखी पडली, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. जगाने त्या मृत्यूंची फारशी दखल घेतली नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे.

२०२२ नंतर मात्र युक्रेनला मिळणाऱ्या मदतीची चर्चा सर्वत्र होऊ लागली. ही चर्चा बहुधा अब्जावधी डॉलरच्या घोषणांभोवती फिरते. घोषित झालेली मदत आणि प्रत्यक्ष पोहोचलेली मदत यांत नेहमीच अंतर असते. हे अंतर कसे पडते आणि त्याची किंमत कोणास मोजावी लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ठराव आणि आश्वासने

सुरक्षा परिषदेत रशियाने नकाराधिकार वापरल्यामुळे हा प्रश्न आमसभेच्या आणीबाणीच्या विशेष अधिवेशनापुढे आला. २ मार्च २०२२ च्या ठरावाच्या बाजूने १४१ राष्ट्रांनी मत दिले, ५ राष्ट्रांनी विरोध केला व भारत आणि चीन यांच्यासह ३५ राष्ट्रे तटस्थ राहिली. तीन वर्षांनी, २४ फेब्रुवारी २०२५ रोजी, युक्रेनच्या बाजूच्या ठरावास केवळ ९३ मते मिळाली. १८ राष्ट्रांनी विरोधी मत दिले, त्यांत रशियाबरोबर खुद्द अमेरिकाही होती. ६५ राष्ट्रे तटस्थ राहिली. पाठिंबा ही स्थिर वस्तू नव्हे, हे या दोन मतदानांची तुलना केल्यास ध्यानात येते.

आश्वासनांविषयी युक्रेनचा अनुभव याहून जुना आहे. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर त्या देशाच्या भूमीवर जगातील तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा राहिला होता. त्याचे परिचालन मॉस्कोच्या हाती होते, हे खरे. तरीही तो सोडून देण्याच्या मोबदल्यात १९९४ च्या बुडापेस्ट करारपत्राद्वारे रशिया, अमेरिका व ब्रिटन यांनी युक्रेनच्या सीमांचा आदर करण्याचे वचन दिले. या करारपत्रात ‘हमी’ऐवजी ‘आश्वासन’ या अर्थाचा शब्द जाणीवपूर्वक योजलेला होता. त्या एका शब्दाचे महत्त्व वीस वर्षांनी कळून आले.

साहाय्याचे स्वरूप

सर्वसामान्य समजूत अशी की, साहाय्य म्हणजे रणगाडे, तोफगोळे आणि क्षेपणास्त्रे. शस्त्रपुरवठा महत्त्वाचा आहेच. त्याच्या समन्वयासाठी एप्रिल २०२२ मध्ये जर्मनीतील रामस्टाइन येथील तळावर सुमारे चाळीस देशांचा एक गट स्थापन झाला. परंतु या मदतीचा मोठा भाग असा आहे की, ज्याचे छायाचित्र निघत नाही. युद्धकाळात युक्रेनचा करांतून येणारा पैसा प्रामुख्याने संरक्षणावर खर्च होतो. त्यामुळे निवृत्तिवेतन, डॉक्टरांचे व शिक्षकांचे पगार यांसाठी त्या शासनास बाहेरच्या निधीवर विसंबावे लागते. जागतिक बँकेने २०२२ मध्ये याच कामासाठी एक स्वतंत्र प्रकल्प सुरू केला आणि अनेक देशांचा निधी त्यातून पाठविला. युरोपीय संघाने २०२४ ते २०२७ या काळासाठी ५० अब्ज युरोंची तरतूद केली. खारकीव्ह शहरात भुयारी रेल्वेच्या स्थानकांत २०२३ पासून वर्ग भरू लागले व २०२४ मध्ये तेथे जमिनीखाली बांधलेली पहिली शाळा उघडली. परकीय पैशाविना अशा वर्गांतील शिक्षकाचा पगार वेळेवर होणे अवघड आहे. मदत थांबली तर तोफ थंडावते, तशी शाळाही बंद पडते. ही बाब अर्थसंकल्पांवरील वादात क्वचितच उच्चारली जाते.

विजेचे उदाहरणही बोलके आहे. १६ मार्च २०२२ रोजी युक्रेनची वीजवाहिन्यांची यंत्रणा युरोपच्या यंत्रणेशी जोडली गेली. अनेक महिन्यांनी व्हावयाचे हे काम काही आठवड्यांत उरकण्यात आले. त्याच वर्षीच्या १० ऑक्टोबरपासून रशियाने वीज केंद्रे व उपकेंद्रे यांवर पद्धतशीर हल्ले सुरू केले, तेव्हा ही जोडणी उपयोगी पडली. रोहित्रे व जनित्रे अनेक देशांतून आली. लिथुएनियाने तर आपले बंद केलेले एक औष्णिक वीज केंद्र सुटे करून त्याचे भाग युक्रेनला पाठविले.

विलंबाचे गणित

मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघाने बारा महिन्यांत १० लाख तोफगोळे देण्याचे वचन दिले. मुदत संपेपर्यंत त्याच्या निम्म्याच्या आसपास गोळे पोहोचणार, अशी कबुली संघास द्यावी लागली. शीतयुद्धानंतर युरोपातील दारूगोळ्याचे कारखाने आक्रसले होते. पैसा मंजूर झाला म्हणून गोळा तयार होत नाही. त्यासाठी स्फोटके, यंत्रे व कुशल कामगार लागतात. अमेरिकेत अडचण निराळी होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये मांडलेला निधीचा प्रस्ताव पक्षीय राजकारणात सहा महिने अडकला. युक्रेनसाठी सुमारे ६१ अब्ज डॉलरची तरतूद असलेला कायदा २४ एप्रिल २०२४ रोजी संमत होऊन निघाला. दरम्यान फेब्रुवारीत अवदिइव्का हे शहर पडले होते. तेथील माघारीची कारणे अनेक असली तरी तोफगोळ्यांची टंचाई हे त्यांतील एक ठळक कारण होते.

रणगाडे द्यावेत की नाही, लढाऊ विमाने द्यावीत की नाही, असे वाद प्रत्येक वेळी महिनोन्‌महिने चालले आणि अखेरीस बहुतेक वेळा होकारच आला. लेपर्ड रणगाड्यांचा निर्णय जानेवारी २०२३ मध्ये झाला. एफ-१६ विमाने ऑगस्ट २०२४ मध्ये दाखल झाली. युद्ध चिघळू नये, विशेषतः अण्वस्त्रांपर्यंत जाऊ नये, ही देणाऱ्या राष्ट्रांची भीती अनाठायी नव्हती. तथापि जे शेवटी द्यावयाचेच होते ते उशिरा दिल्याने चिघळणे टळले, असे सिद्ध करणे कठीण आहे.

२०२५ मध्ये चित्र बदलले. मार्च महिन्यात अमेरिकेने शस्त्रपुरवठा व गुप्तवार्ता काही दिवस रोखून धरल्या. पुढे युरोपीय राष्ट्रांनी अमेरिकी शस्त्रे विकत घेऊन युक्रेनला द्यावीत, अशी व्यवस्था झाली. १ जुलै २०२५ पासून अमेरिकेची परदेशी विकाससाहाय्य देणारी संस्थाही स्वतंत्रपणे उरली नाही. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय संघाने पुढील दोन वर्षांसाठी ९० अब्ज युरोंचे कर्ज देण्याचे ठरविले. बेल्जियममध्ये गोठविलेल्या रशियन मालमत्तेच्या आधारे ते उभारावे, हा प्रस्ताव मात्र मतभेदांमुळे बाजूला पडला.

मृतांची मोजणी

मदतीचा प्रत्येक डॉलर हिशेबात येतो. माणसांचे तसे होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार निरीक्षकांनी २०२५ अखेरपर्यंत जवळपास १५ हजार नागरिकांच्या मृत्यूची खातरजमा केली आहे. खातरजमा झाल्याविना ते कोणताही मृत्यू नोंदवीत नाहीत, म्हणून प्रत्यक्ष संख्या बरीच अधिक असल्याचे तेच सांगतात. २०२२ नंतर नागरिकांसाठी सर्वाधिक घातक वर्ष २०२५ हेच ठरले.

मारिउपोलचे उदाहरण घ्यावे. ज्या १६ मार्च २०२२ रोजी वीजवाहिन्या जोडल्या गेल्या, त्याच दिवशी तेथील नाट्यगृहावर बॉम्ब पडला. शेकडो लोक आत आश्रयास होते व बाहेर जमिनीवर ‘मुले’ हा शब्द रशियन भाषेत मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने किमान बारा मृत्यू नोंदविले आणि संख्या अधिक असण्याची शक्यता वर्तविली; असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने सुमारे सहाशेचा अंदाज दिला. शहर रशियाच्या ताब्यात गेल्याने स्वतंत्र तपास होऊ शकला नाही. एकाच इमारतीविषयी दोन जबाबदार संस्थांच्या आकड्यांत इतकी तफावत असेल, तर संपूर्ण शहराचा आकडा कोण सांगणार?

सैनिकांविषयी दोन्ही शासने मितभाषी आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यक्ष झेलेन्स्की यांनी ४६ हजारांहून अधिक युक्रेनी सैनिक मारले गेल्याचे सांगितले. रशियाच्या बाजूने बीबीसी व मीडियाझोना यांनी मृत्युलेख, थडगी इत्यादी उघड साधनांवरून दीड लाखाहून अधिक मृत सैनिकांची नावे निश्चित केली आहेत. त्यांतील पुष्कळ जण दूरच्या गरीब प्रांतांतून पैशाच्या आशेने आलेले होते.

मृत्यूपलीकडची हानी

युरोपीय संघाने २००१ मधील तात्पुरत्या संरक्षणाचा निर्देश ४ मार्च २०२२ रोजी प्रथमच अमलात आणला. त्यामुळे निर्वासितांना स्वतंत्र आश्रय-अर्जाविना निवास, शिक्षण व रोजगार यांचा हक्क मिळाला. ४० लाखांहून अधिक लोकांनी त्याचा लाभ घेतला. १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडण्यास मनाई असल्याने सीमा ओलांडणाऱ्यांत स्त्रिया व मुलेच बहुसंख्य होती. लाखो कुटुंबे अशा रीतीने दुभंगली. जी मुले पोलंड वा जर्मनीत शाळेत रुळली, ती परततील की नाही हा प्रश्न युक्रेनच्या भवितव्याशी निगडित आहे, कारण त्या देशाचा जननदर दर स्त्रीमागे एक अपत्य इतका खालावला आहे. रशियात नेलेल्या मुलांची संख्या १९ हजारांहून अधिक असल्याचे युक्रेन सांगतो. याच आरोपावरून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने १७ मार्च २०२३ रोजी राष्ट्राध्यक्ष पुतिन यांच्याविरुद्ध अटकेचे आदेश काढले.

या युद्धाची झळ भारतासही पोहोचली. ‘ऑपरेशन गंगा’द्वारे सुमारे साडेबावीस हजार भारतीय परत आणले गेले. त्यांत महाराष्ट्रातील वैद्यकीय विद्यार्थीही होते, आणि त्यांच्या शिक्षणाचे काय, हा प्रश्न महाविद्यालयांपुढे दीर्घकाळ राहिला. कर्नाटकातील एक विद्यार्थी १ मार्च २०२२ रोजी खारकीव्हमध्ये मारला गेला. सूर्यफूल तेलासाठी भारत प्रामुख्याने युक्रेनवर अवलंबून असल्याने त्याचे भाव कडाडले.

बेपत्तांची नोंद हा या सर्वांतील कदाचित सर्वांत दुर्लक्षित विषय होय. युक्रेनच्या शासकीय नोंदवहीत २०२५ मध्ये ७० हजारांहून अधिक नावे होती. त्या वर्षी जूनमध्ये इस्तंबूल येथील वाटाघाटींनंतर रशियाने सहा हजारांहून अधिक मृतदेह युक्रेनच्या स्वाधीन केले. शीतवाहनांतून आलेल्या या मृतदेहांपैकी काहींचे अवशेष एकाहून अधिक पिशव्यांत विखुरलेले होते. आईवडिलांच्या वा अपत्यांच्या जनुकीय नमुन्यांशी ते ताडून पाहण्यास महिने लागतात. यासाठी लागणारी यंत्रे व रसायने यांचा पुरवठाही साहाय्याच्या याच खात्यांतून होतो.