ट्रॅश (छायाचित्रमालिका)

ट्रॅश (अर्थ: कचरा) ही ब्रुनो मुरों आणि पास्काल रोस्तँ या फ्रेंच छायाचित्रकारांची छायाचित्रमालिका आहे. प्रसिद्ध व्यक्तींनी घराबाहेर टाकलेल्या कचऱ्यातील वस्तू हा तिचा विषय आहे.

पार्श्वभूमी
मुरों आणि रोस्तँ हे पापाराझी, म्हणजे प्रसिद्ध व्यक्तींच्या मागावर राहून त्यांची छायाचित्रे टिपणारे छायाचित्रकार होत. इ.स. १९८८ मध्ये फ्रेंच गायक सर्ज गेन्सबूर यांच्या कचऱ्यापासून मालिकेची सुरुवात झाली. पुढे अमेरिकेतील रोनाल्ड रेगन, मार्लन ब्रँडो, जॅक निकल्सन, मॅडोना आदींच्या कचऱ्याचीही छायाचित्रे घेण्यात आली.

स्वरूप व आशय
रिकामे डबे, बाटल्या, वेष्टने व कागद काळ्या पार्श्वभूमीवर संग्रहालयातील वस्तूंप्रमाणे नीटनेटके मांडलेले दिसतात. छायाचित्रात चेहरा नसतो. कचरा कोणाचा, हे केवळ नावावरून कळते. कोणत्याही घरात सापडतील अशा या वस्तूंमुळे प्रसिद्धीचे वलय गळून पडते. मात्र नाव वगळल्यास त्याच वस्तूंकडे कोणी पाहणार नाही. त्यामुळे ही मालिका प्रसिद्ध व्यक्तींइतकीच त्यांच्याविषयीच्या लोकांच्या कुतूहलावरही भाष्य करते.

खासगीपणाचा प्रश्न
कॅलिफोर्निया विरुद्ध ग्रीनवुड (१९८८) या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, घराबाहेर ठेवलेल्या कचऱ्याची झडती घेण्यासाठी पोलिसांना वॉरंटची आवश्यकता नाही, असा निर्णय दिला. कचऱ्यातून व्यक्तीचा आहार, आजार व सवयी उघड होऊ शकतात. म्हणून कायद्याची आडकाठी नसली, तरी अशा चित्रणाच्या नैतिकतेचा प्रश्न उरतोच.