मिठातील देवघेव

पेण तालुक्याच्या खारेपाटात आगरी लोकांनी पिढ्यानपिढ्या मिठागरे पिकविली. खाडीचे पाणी उथळ वाफ्यांत घ्यावे, उन्हाने ते आटावे आणि तळाशी शुभ्र मीठ उरावे, अशी ही रीत.

मीठ हे सोडियम व क्लोरीन या मूलद्रव्यांचे संयुग होय. सोडियम हा धातू पाण्यात पडताच उसळतो, प्रसंगी पेटही घेतो. क्लोरीन हा तर विषारी वायू. मग त्यांचे मीठ आपण रोज निर्धास्तपणे कसे खातो?

मुलांनो, याचे उत्तर अणूच्या रचनेत आहे. अणूच्या केंद्रकाभोवती ठरावीक कवचांत इलेक्ट्रॉन असतात. सोडियमच्या ११ इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, १ अशी, तर क्लोरीनच्या १७ इलेक्ट्रॉनांची २, ८, ७ अशी असते. बाहेरच्या कवचात ८ इलेक्ट्रॉन झाले, म्हणजे या अणूंना स्थैर्य लाभते. म्हणून सोडियम आपला एकटा इलेक्ट्रॉन देतो व क्लोरीन तो घेतो. देणारा धनभारित होतो, घेणारा ऋणभारित. आता दोघांचाही दाहक स्वभाव पालटलेला असतो.

समुद्राच्या पाण्यात ही देवघेव आधीच झालेली असते. पाणी आटले, की हे विरुद्ध भारांचे कण परस्परांना आकर्षून घेतात आणि मिठाचे स्फटिक बनतात.

रोह्याजवळ धाटाव येथे रासायनिक कारखाने आहेत. तेथे घडणाऱ्या प्रक्रियांचे मूळही बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या फेरमांडणीतच असते. मिठाची चिमूट समजली, की रसायनशास्त्राचे दार उघडले!