शिल्प आणि जागा – लेखांक ५ : हिरवळीवरचे ब्राँझ

मागच्या लेखांकात संग्रहालयाच्या दालनातील शिल्पाचा विचार केला. तिथे भिंती पांढऱ्या, प्रकाश ठरावीक आणि भोवतालचे सारे मुद्दाम निर्विकार ठेवलेले असते. तेच शिल्प जुन्या वाड्याच्या बागेत किंवा डोंगरउतारावर नेले, की झाडांचे वय, वास्तूचा इतिहास, कलणारे ऊन असे सगळेच बोलू लागते. म्हणून अशा मांडणीच्या विरोधकांचा पहिला प्रश्न रास्त आहे : जी जागा मुळातच पूर्ण आहे, तिच्यात नव्या शिल्पाची भर कशाला? ती जागा अधिक नीट दिसावी म्हणून, हे माझे उत्तर. ज्या शिल्पाला जागा केवळ पडद्यासारखी मागे हवी असते, त्याला तिथे स्थान नको. मग शिल्पकार कितीही थोर असो.

इंग्लंडमधील यॉर्कशायर स्कल्प्चर पार्कमध्ये ही गोष्ट स्पष्ट कळते. पीटर मरे यांनी १९७७ साली वेकफील्डजवळच्या ब्रेटन हॉल या जुन्या जमीनदारी इस्टेटीत ते सुरू केले. आज त्याचा पसारा सुमारे ५०० एकरांचा आहे. तिथल्या कुरणात शिल्पकार हेन्री मूर यांच्या ब्राँझच्या भव्य आकृती आहेत आणि त्यांच्याभोवती मेंढ्या चरतात. मूर जवळच्याच कॅसलफर्डचे, खाणकामगाराचे पुत्र. शिल्प ही उघड्यावरची कला आहे, सुंदरातल्या सुंदर इमारतीपेक्षाही ते मोकळ्या निसर्गात शोभते, असे ते मानत. त्यांच्या पहुडलेल्या आकृतींमधल्या पोकळीतून पलीकडचा उतार दिसतो आणि गुडघ्याखांद्यांच्या वळणांशेजारी त्या उताराची वळणेही डोळ्यांत भरतात. शिवाय हा निसर्गही माणसानेच घडवलेला आहे. ब्रेटनची तळी अठराव्या शतकात पाणी अडवून केलेली आहेत आणि सारा देखावा मालकाच्या नजरेसाठी रचलेला आहे. त्याच काळातल्या हरणांच्या निवाऱ्यात कलावंत जेम्स टरेल यांनी २००६ मध्ये एक दालन केले. बाहेरच्या जुन्या कमानी तशाच राहिल्या. आत बसणाऱ्याला छतातल्या चौकोनातून फक्त आकाश दिसते. यॉर्कशायरचे सतत बदलणारे आकाश इतका वेळ पाहण्याचे दुसरे निमित्त तरी काय!

‘हे सारे उपऱ्याचे आक्रमण आहे’ हा आक्षेप सर्वांत तीव्रपणे उमटला तो फ्रान्समधील व्हर्साय राजवाड्याच्या बागेत. मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनीश कपूर यांचे ‘डर्टी कॉर्नर’ हे पोलादी भुयारासारखे प्रचंड शिल्प २०१५ मध्ये तिथल्या हिरवळीवर मांडले गेले. आधी त्यावर पिवळा रंग उडवला गेला, मग सप्टेंबरमध्ये ज्यूद्वेषी घोषणा लिहिल्या गेल्या. पण चौदाव्या लुईच्या काळात या बागेत जिरार्दाँ आणि क्वाझव्हो यांची जी शिल्पे बसली, तीही त्या दिवशी नवीच होती. कपूर यांनी आखीव हिरवळीवर मांडलेले दगडमातीचे ढीग पाहताना त्या बागेची शिस्त किती कठोर आहे, हे आधी कधी जाणवले नसेल इतके जाणवले. आदल्याच वर्षी तिथेच शिल्पकार ली उफान यांनी पोलादाची उंच कमान उभारून बागेतल्या कालव्यापर्यंतची सरळ रेषा चौकटीत धरली होती. दुसरा आक्षेप मात्र मला अधिक वजनदार वाटतो : प्रख्यात जागेचे तेज कलाबाजाराला फुकट मिळते. २००८ मध्ये कलावंत जेफ कून्स यांच्या चकचकीत वस्तू व्हर्सायच्या राजदालनांत मांडल्या, तेव्हा नेमके तेच झाले. वैभवाशेजारी वैभव बसले आणि व्हर्सायबद्दल नवे काही कळले नाही.

उरतो नुकसानीचा प्रश्न. प्रदर्शनाला शेवटची तारीख असते, हेच त्याचे उत्तर. चूक झाली तरी ती उचलून नेता येते. कायमच्या पुतळ्यांच्या बाबतीत ही सोय नसते. आणि प्रदर्शनातले शिल्प जागेला शोभले, तर ते पुढे ठेवताही येते. लंडन काउंटी कौन्सिलने १९४८ मध्ये बॅटरसी पार्कात शिल्पप्रदर्शन भरवले. प्रदर्शनाला दीड लाखाहून अधिक लोक आले. ते संपल्यावरही मूर यांच्या तीन उभ्या स्त्रिया पार्कात कायम राहिल्या, कारण त्या तिथे शोभल्या. राहण्याचा हक्क असा कमवावा लागतो.

आपल्याकडे डिसेंबर २०१७ मध्ये जयपूरच्या नाहरगडावरील माधवेंद्र महालात राजस्थान सरकारच्या सहभागाने शिल्पांचे असे दालन उघडले. पुढच्या लेखांकात तिकडे वळू. जयपूरला जाणार असाल, तर शिल्पांबरोबर महालही पाहा आणि शिल्पांमुळे तो अधिक दिसला की झाकला गेला, हे तुम्हीच ठरवा.